आठ नट आणि एकच पाना

पुलाचे आठ नट आवळायचे होते. मोहीम म्हणाल तर एवढीच!

पण ते नट चार दिवसांच्या चालीवर होते, एका खोल दरीच्या कड्यात, पुलाच्या तोंडापासून बारा हात खाली. दरीपलीकडे बारा घरांची वस्ती. तिला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट एकच, तो झुलता पूल. उन्हाळा सरता सरता डोंगर हादरला, दरड कोसळली आणि पुलाचे पोलादी दोर ज्या जाड पाटीला अडकवले होते ती पाटी खडकापासून बोटभर सुटून पुढे आली. पुलावरची ये-जा बंद झाली. वस्तीचं हिवाळ्याचं धान्य आणि औषधं अलीकडच्या काठावरच्या कोठीत अडकून पडली. बर्फ पडायला दहा-बारा दिवस उरले होते. एकदा तो पडला की वाटेवरची खिंड पाच महिने बंद. त्याआधी पाटी मागे ठोकून आठही नट आवळले तर वस्ती तरली. नाही तर काय, याचा विचार करायला कुणी तयार नव्हतं.

आम्ही चौघं निघालो. पुढारीपण माझ्या भाचीकडे. ती पुलांची इंजिनिअर, वय एकतीस, बोलणं कमी, चालणं झपाट्याचं. दुसरा लोहार. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आणि तोंड त्याहून मोठं. तिसरा खेचरवाला, आपल्या खेचराशी दिवसभर भांडणारा. चौथा मी. दोर, गाठी आणि हत्यारं माझ्याकडे. भाची मला मामा म्हणते म्हणून सगळेच मामा म्हणायला लागले. खेचरवाला माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण तोही मामाच म्हणायचा.

निघायच्या आदल्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. तिनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली. मी जेवून हात धुतले तेव्हा म्हणाली, "तिला परत घेऊन ये." बाकी काही नाही.

ती जे बोलली नाही ते दोघांनाही माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या धुराड्यावर मी वर काम करत होतो आणि तिचा नवरा, माझा मेहुणा, खाली. माझ्या हातातून हातोडा सुटला. दोन किलोचा असेल. मी ओरडलो. त्यानं वर पाहिलं. ओरडलो नसतो तर कदाचित हातोडा खांद्यावर बसला असता. भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. बहिणीनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझ्या हाताखाली एकही हत्यार मोकळं वर गेलेलं नाही. पक्कड असो, छिन्नी असो, साधी कानस असो, प्रत्येकीला दोरी. एक टोक हत्याराला, दुसरं पट्ट्याला. हत्यार हातातून सुटलं तरी दोरीला लोंबकळतं, खालच्याच्या डोक्यात जात नाही.

लोहाराच्या कारखान्यात हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो भट्टीसमोर पाना घडवत होता. पुलाचे नट फार जुन्या मापाचे. त्यांना बसेल असा पाना कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून त्यानं दोन दिवस खपून तो बनवला. हाताएवढा लांब, चार किलो वजनाचा, देखणा! मी म्हणालो, "याच्या दांड्याला भोक पाड. दोरी ओवायची आहे."

"पान्याला दोरी? मामा, पाना आहे, बकरी नाही. चरायला जाणार नाही कुठं."

"दरीत गेला तर?"

"तीस वर्षांत माझ्या हातातून टाचणी पडली नाही."

"मला तेवीस वर्षं झाली होती," मी म्हणालो.

ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. त्यानं मुकाट्यानं भोक पाडलं. पण बाकीच्या हत्यारांना हात लावू दिला नाही.

पहिल्या दिवशी जंगल होतं. उंच, सरळ झाडं, खाली मऊ पालापाचोळा, पावलांचा आवाजही येत नव्हता. खेचर चालत होतं, खेचरवाला त्याला त्याच्या सात पिढ्यांबद्दल सांगत होता आणि लोहार मध्ये मध्ये तपशील पुरवत होता. दुसऱ्या दिवशी झाडं संपली. समोर मुरमाड, सुट्या दगडांची उतरण. वाट तिच्यावरून नागमोडी वर चढत होती, म्हणजे पुढचा माणूस नेहमी मागच्याच्या डोक्यावर. भाचीनं दोघादोघांत अंतर ठेवायला सांगितलं.

मधल्या वळणावर खेचराचा नाल सैल झाला. लोहार वाकला, कमरेची पक्कड काढली आणि खिळा धरला. खेचरानं पाय झटकला.

टिंग!

पक्कड दगडावर आपटली, उडाली, पुन्हा आपटली. टिंग! टिंग! खेचरवाला खाली पडलेलं गाठोडं आणायला एक वळण मागे गेला होता. पक्कड त्याच्या कानावरून सूं करून गेली आणि पार खाली कुठंतरी दिसेनाशी झाली.

खेचरवाल्यानं हळूच कान चाचपला. होता जागेवर.

"लोहारदादा," तो खालून ओरडला, "टाचणी असती तर बरं झालं असतं हो!"

आम्ही हसलो. लोहार हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. तरी संध्याकाळी मी दोऱ्यांची पिशवी पुढे केली तेव्हा म्हणाला, "ते खेचरामुळे झालं."

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं गार, खाली गुळगुळीत गोटे. आम्ही काठ्या टेकत पार झालो. खेचर मधोमध आलं आणि त्याचा मागचा पाय घसरला. ते कुशीवर पडलं. पाठीवरची पेटी खडकावर आदळून फुटली!

"हत्यारं!" भाची किंचाळली.

खेचरवाला पाण्यात झेपावला, मी त्याच्यामागे. खेचराचं डोकं वर धरलं, लगाम ओढला. ते धडपडत उठलं, फुरफुरलं, काठाला लागलं. मग आम्ही पेटीकडे पाहिलं. झाकण वाहून गेलं होतं, तळ निखळला होता. पण पहाटे निघताना मी सगळी हत्यारं एकेका दोरीनं एका जाड दोराला अडकवली होती आणि तो दोर खोगिराला बांधला होता. लोहाराचीसुद्धा, त्याला न विचारता. पाना, घण, छिन्न्या, पाचरी, सगळं खेचराच्या कुशीला लोंबत होतं, गळाला लागलेल्या माशांसारखं, पाणी ठिबकत!

गेलं ते फक्त पातेलं.

"त्याला दोरी नव्हती ना मामा," खेचरवाला कुडकुडत म्हणाला. "आता चहा घणात उकळायचा."

लोहार बराच वेळ त्या हत्यारांकडे पाहत राहिला. मग माझ्याजवळ येऊन बसला. "शिकवा," म्हणाला. "गाठ कशी मारायची ती."

मी शिकवलं. हलक्या हत्याराची दोरी पट्ट्याला. हत्यार जड असेल, दोन किलोच्या वर, तर दोरी माणसाला बांधायची नाही, खडकाला किंवा लोखंडाला बांधायची, कारण जड वस्तू पडताना माणसालाच घेऊन जाते. दोरी शक्य तितकी आखूड, म्हणजे झटका कमी. त्यानं प्रत्येक गाठ चार-चारदा मारली. आडदांड माणूस, जिभेचं टोक दातात धरून पोरासारखा गाठी मारत होता. मला फार बरं वाटलं. बावीस वर्षं मी हे सांगत होतो, आणि लोक मला भित्रा म्हातारा म्हणून हसत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून विचारलं होतं.

त्या बरं वाटण्यानंच पुढे घात केला.

चौथ्या दिवशी दुपारी दरी दिसली. पलीकडे उतारावर दगडी घरं एकमेकांना चिकटून बसली होती, छपरांतून धूर निघत होता. आम्हाला पाहताच माणसं पुलाच्या त्या टोकाला गोळा झाली. हात हलवू लागली. पूल मध्ये लोंबत होता, वाऱ्यानं करकरत, एका अंगाला कललेला. खाली नदी इतकी खोल की तिचा आवाज उशिरा आल्यासारखा वाटत होता. उत्तरेकडच्या शिखरांवर ढग राखाडी होऊन टेकले होते.

"सहा दिवस," भाची म्हणाली. "फार तर सात."

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कड्यावरून दोरानं उतरलो. खेचरवाला वर, दोरांवर लक्ष ठेवायला. माझे दोर मी तीनतीनदा तपासले. भाचीचा पट्टा तपासला. लोहाराचा तपासला नाही. तो माझं सगळं ऐकतोय, एवढ्या आनंदात होतो मी. "सगळं बांधलंय ना?" मी विचारलं. "सगळं!" तो म्हणाला, छाती फुगवून.

आणि त्यानं खरंच सगळं बांधलं होतं. सहा किलोचा घणसुद्धा. स्वतःच्या पट्ट्याला. पुलाखालच्या खडकापेक्षा त्याला स्वतःच्या कमरेचा भरवसा जास्त होता!

काम जोरात चाललं. लोहार पाटीच्या डाव्या अंगाला टांगलेला, मी उजव्या. तो घण घालायचा तेव्हा भाची वर खडकाच्या कोनाड्यात थांबायची. घण चालू असताना खाली कुणी नाही, हा तिचा हुकूम. ठाण! ठाण! पाटी केसाकेसानं मागे सरकत होती. जागेवर बसली की लोहार पाचर ठोकायचा आणि मी पाना लावायचो. पान्याची दोरी, आखूड आणि जाड, मी पाटीच्या कडीलाच अडकवली होती. नट गंजलेले होते. एकेकाला अर्धा-पाऊण तास लागत होता. दुपार होईपर्यंत वरचे आणि मधले मिळून सहा आवळून झाले. दर नटाला पलीकडून आरोळी यायची. ते मोजत होते.

खालचे दोन राहिले. शेवटची पाचर बसली. "झालं! घण बंद!" लोहार ओरडला. त्यानं घण पाटीच्या काठावर टेकवला आणि हात पुसायला फडकं काढलं.

भाची आमच्या दोघांमधून खाली उतरली, खालच्या नटांमागची भेग बघायला. आमच्या पायांखाली चार हात.

वारा आला. पूल करकरला. पाटी जराशी थरथरली.

घण घसरला!

दोरी लांब होती, तीन हात. तेवढा तो पडला आणि मग झटका बसला. लोहाराची कंबर खाली खेचली गेली, पाय खडकावरून सुटले, तो उलटा झाला. त्याचं डोकं कड्यावर आदळलं. हेल्मेट फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आपल्या दोराला लटकत राहिला, डोकं खाली, हात सैल. बेशुद्ध!

त्याच्या अंगाखाली भाचीचा दोर चेपला गेला होता. तिला वर येता येईना, खालीही जाता येईना. बाजूला झुकली की दोर तिला परत तिथंच आणत होता. आणि तिच्या डोक्यावर, दोन हात वर, सहा किलोचा घण दोरीला टांगून झुलत होता.

"मामा!"

मी पाहिलं. घणाची दोरी मजबूत होती. पण ती लोहारानं पट्ट्याच्या ज्या शिवलेल्या फासात अडकवली होती तो फास पक्कड-छिन्नीसाठी होता. त्याची शिलाई उसवत होती. एक टाका. आणखी एक. मला ते दिसत होते!

घणाला दुसरी दोरी लावायला हवी होती. आत्ता! जादा दोऱ्यांची पिशवी वर खेचरवाल्याकडे. माझ्या पट्ट्याला होत्या त्या बारीक, हलक्या हत्यारांच्या. घण पेलेल अशी एकच दोरी हाताशी होती. पान्याची.

मी पाना मांड्यांत घट्ट धरला आणि त्याच्या भोकातला हुक उघडला. दोरी मोकळी झाली. पण पानाही मोकळा झाला! घणापर्यंत पोचायचं तर पायांनी खडक ढकलून झोका घ्यायला हवा होता. पाय हलले की पाना सरळ खाली, तिच्यावर. पाटीच्या काठावर ठेवावा? आत्ताच तिथून घण पडला होता. पट्ट्याच्या फासात? तसलाच फास समोर उसवत होता.

पलीकडे माणसं ओरडत होती. काय ते कळत नव्हतं. मी तिकडे पाहिलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पाहिलं. रांगेत उभी होती सगळी, लहान-मोठी, ठिपक्यांसारखी.

मी पाना उजव्या हातात घेतला आणि होता तेवढा जोर लावून दरीच्या मधोमध फेकला.

तो उन्हात चकाकला. मग दिसेनासा झाला.

मी खडक ढकलला. झुललो. पहिल्यांदा घण हाताला लागला नाही. परत झुललो. दांडा बोटांत आला! बोटं आखडली होती, हुक घणाच्या दांड्यावरच्या कडीत जाईना. "मामा, फास तुटतोय!" मी तोंडानं कडी फिरवली. लोखंडाची चव आली. हुक आत गेला. खटकन बसला.

त्याच क्षणी फास तुटला. घण खाली गेला, पाटीच्या दोरीला ताण बसला, पाटी दणकली. आणि घण थांबला. भाचीच्या हेल्मेटवर चार बोटं.

तिनं वर पाहिलं होतं. बापासारखंच.

पुढचा तासभर काय काय केलं ते तुटक आठवतं. खेचरवाल्यानं कप्पी लावली, खेचराला जुंपलं. त्या खेचरानं आयुष्यात पहिल्यांदा भांडण न करता ओढलं. लोहार वर गेला. मग भाची. शेवटी मी. लोहाराच्या डोक्याला मोठी खोक पडली होती, खांदा निखळला होता. शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला, "मी सगळं बांधलं होतं, मामा."

"हो," मी म्हणालो. "मी बघायला हवं होतं."

भाचीनं त्याचं डोकं बांधलं, खांदा बसवला, त्याला कांबळ्यात गुंडाळलं. हात स्थिर होते तिचे. मग ती माझ्याकडे वळली.

"माझ्या बाजूनं चकाकत गेलं तो पाना होता?"

"हो."

"एकच होता, मामा."

"माहीत आहे."

"दोन नट राहिलेत. पन्नास-साठ माणसं आहेत तिकडं. लहान मुलं आहेत."

"मला तेव्हा एकच माणूस दिसत होतं."

"तुम्हाला तेवढंच दिसतं!" तिचा आवाज फुटला. "बावीस वर्षं तुम्हाला तेवढंच दिसतंय! मी काय नऊ वर्षांची आहे का अजून? मी या कामाला आले होते. पुलासाठी आले होते. माझ्या जिवाच्या बदल्यात काय द्यायचं ते मला विचारायचं तरी!"

विचारायला वेळ नव्हता, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. कारण वेळ असता तरी मी विचारलं नसतं.

ती हार मानणारी नाही. पुढचा सगळा दिवस ती आणि मी खाली होतो, साखळी आणि लोखंडी नळीचा तुकडा घेऊन. साखळी नटाला गुंडाळायची, नळीनं पिळायची. नट अर्धा आटा फिरला, मग साखळी सरकली. परत. परत सरकली. संध्याकाळपर्यंत नटाचे कोपरे गोल झाले. आता नवा पाना आणला असता तरी बसला नसता. तिनं नळी पट्ट्याला बांधली आणि कपाळ खडकाला टेकवलं. बराच वेळ तशीच लटकत राहिली. पहिला बर्फाचा कण तिच्या बाहीवर पडला, विरघळला.

"सोडून देऊ," ती म्हणाली. "वर चला."

वर आल्यावर तिनं वहीत आकडे मांडले, खोडले, परत मांडले. मग पुलाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली. वाक्य तोडून तोडून, वारा थांबेल तेव्हा तेव्हा. सहा नटांवर पूल दोन दिवस माणसं पेलेल. एका वेळी एक. हातात काही नाही, पाठीवर काही नाही. जनावरं नाहीत. धान्याचं एक पोतं इकडून तिकडं जाणार नाही. ज्याला यायचं त्यानं या काठाला यावं, हिवाळा खालच्या गावात काढावा. त्यानंतर फळ्या काढून पूल बंद.

पलीकडे एक बाई पुढे आली. तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून जमिनीवर ठेवलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुलावर पाऊल टाकलं.

दोन दिवस माणसं येत राहिली. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला, कमरेला दोर बांधून, येणाऱ्याचा हात धरून वर ओढत होतो. प्रत्येकाचे हात रिकामे. रिकामे हात कुठं ठेवावेत ते कुणालाच कळत नव्हतं. कुणी ते काखेत धरत होते, कुणी पोटाशी. तान्ह्या पोरांबद्दल भाचीनं पुन्हा आकडे मांडले आणि आईबरोबर येऊ दिलं. लोहार गळ्यात हात अडकवून कोठीपाशी बसला होता. येणाऱ्याला ओंजळभर भाजलेलं धान्य देत होता आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता. सात जण आले नाहीत. त्यांची जनावरं होती. भाचीनं त्यांची नावं वहीत लिहून घेतली. त्यांनी तिकडून हात केला.

सर्वांत शेवटी एक म्हातारा आला. माझ्याच वयाचा, वाकलेला, पण पूल पार करताना कठड्याला हातही लावला नाही. मी त्याला ओढून घेतलं. तो धापा टाकत उभा राहिला आणि मागे पाहू लागला.

"त्या दिवशी सातवा नट होईना," तो म्हणाला. "आम्ही मोजत होतो. सहापर्यंत मोजलं. काय झालं?"

लोहार झटकन उठला. "पाना हातातून सुटला, बाबा. गंजलेलं लोखंड, ओले हात, होतं असं. कुणाचा दोष नाही." तो मला सांभाळत होता. किंवा स्वतःला. दोघांनाही.

भाची फळ्या सोडवत होती. तिचे हात थांबले.

"सुटला नाही," मी म्हणालो. "मी टाकला."

म्हातारा माझ्याकडे वळला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. खाली माझी भाची अडकली होती. पाना टाकल्याशिवाय तिला वाचवता येत नव्हतं. टाकताना तुम्ही सगळे उभे दिसत होता मला."

खाली पाणी वाजत होतं.

"माझ्या दोन गाई आहेत तिकडं," म्हातारा म्हणाला. "सोडून आलो. गोठ्याचं दार उघडं ठेवून आलो. काय करणार त्या उघड्या दाराचं?"

त्यानं पुलाकडे पाठ फिरवली.

"कुठली भाची?"

मी बोट दाखवलं. ती गुडघ्यांवर बसली होती, सुटलेल्या फळीची दोरी मुठीत धरून, आमच्याकडे पाहत. म्हातारा तिला न्याहाळत राहिला, बाजारात वस्तू पारखावी तसा. तिनं मान खाली घातली नाही.

"माझी नात असती तिथं, तर मीही टाकला असता," तो म्हणाला. "पण म्हणून माझा राग गेला असं समजू नका."

"नाही समजत."

भाचीनं शेवटची फळी ओढून घेतली आणि कोठीच्या भिंतीला टेकवून ठेवली. मग आमच्या पुढ्यातून जाताना थांबली. "मामा, या बाबांना घेऊन तुम्ही मागून या. मी पुढच्यांना गाठते. अंतर ठेवा," म्हणाली, आणि झपाट्यानं निघून गेली. आवाजात माया नव्हती. पण परवापासून ती पहिल्यांदाच माझ्याशी काही बोलली होती.

बर्फ आता दाट पडू लागला होता. उतरणीवरचे दगड ओले, सुटे झाले होते. म्हातारा वाटेला लागायला पुढे झाला. मी त्याचा दंड धरून त्याला थांबवलं, त्याच्या बाजूनं पुढे गेलो आणि उतरायला सुरुवात केली. खाली मी, वर तो. त्याच्या पायाखालचे बारीक दगड सुटून माझ्या पाठीवर येत होते. मी वर पाहिलं नाही. चालत राहिलो.